एसटीपीच्या गाळातलं प्लास्टिक: मोजणीच्या नोंदी

पुणे जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या पर्यावरणशास्त्र विभागात, शेवटच्या वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांना (एक मुलगा, एक मुलगी) घेऊन केलेल्या कामाच्या या नोंदी आहेत. मैलापाणी शुद्धीकरण केंद्रातला, म्हणजे एसटीपीतला, जो गाळ शेतकरी ट्रॉली भरून नेतात, त्यात प्लास्टिकचे बारीक कण किती, एवढाच प्रश्न होता. मैलापाण्यातलं बहुतेक मायक्रोप्लास्टिक केंद्रातच अडतं आणि गाळात जाऊन बसतं, हे आता ठाऊक झालेलं आहे. ते आमच्यासारख्या साध्या प्रयोगशाळेत मोजायचं कसं, हे मात्र कुणी नीट सांगत नाही. शोधनिबंधातल्या ‘पद्धत’ या परिच्छेदात फेस कधीच उतू जात नाही.

4 डिसेंबर 2023

नमुना आणला. केंद्र एसबीआर पद्धतीचं, म्हणजे एकाच टाकीत आळीपाळीने हवा द्यायची आणि गाळ बसू द्यायचा. टाकीतला गाळ दाट करून त्यात पॉलिइलेक्ट्रोलाइट, म्हणजे गाळाचे कण एकत्र बांधणारं रसायन, सोडतात. तिथे त्याला सगळे नुसतं ‘पॉली’ म्हणतात. मग तो सेंट्रीफ्यूजमधून फिरवला की खाली काळपट, दमट केक पडतो. हाताला घट्ट लागतो, पण शंभर ग्रॅम केकमध्ये साधारण ऐंशी ग्रॅम पाणीच असतं.

नमुना कुठून घ्यायचा, यावर आमचं बोलणं लांबलं. अंगणातल्या ढिगातून घेणं सोपं, पण त्यावर वाऱ्याने आलेल्या पिशव्यांचे तुकडे आणि गुटख्याच्या पुड्या पडलेल्या असतात. तो कचरा मैल्यातून आलेला नव्हे. म्हणून थेट सेंट्रीफ्यूजच्या तोंडाशी, सकाळपासून दुपारपर्यंत तासातासाने थोडा थोडा घेतला. स्टीलचा डाव, काचेच्या बरण्या, झाकणाखाली ॲल्युमिनियम फॉइल. ऑपरेटर काकांनी मदत म्हणून पहिला नमुना निळ्या प्लास्टिकच्या मगातून काढून दिला. तो मग कडेने ओरबाडून पांढरा पडलेला. नमुना परत टाकावा लागला, काकांना जरा राग आला.

बाजूला जुने वाळवण वाफे आहेत. त्यांत टोमॅटोची रोपं उगवलीत. बी माणसाच्या पोटातून आणि पुढच्या सगळ्या टाक्यांतून शाबूत येतं. काका म्हणाले, “मॅडम, खात कुणी नाही, पण लागतात झकास.”

6 डिसेंबर

पहिला आठवडा इथेच बुडाला. सवयीप्रमाणे गाळ ओव्हनमध्ये 105 अंशांवर रात्रभर ठेवला. सकाळी विटेचा तुकडा हातात आला. खलबत्त्यात कुटावा लागला, आणि कुटताना आतलं प्लास्टिकही कुटलं जाणार, म्हणजे एकाचे चार कण होणार. शिवाय पातळ पिशव्यांचं पॉलिथिन याच तापमानाच्या आसपास वितळायला लागतं. ‘घन पदार्थ 105 अंशांवर वाळवा’ हे पाण्याच्या चाचण्यांचं पाठ झालेलं वाक्य. इथे ते चालत नाही.

आता गाळाचे दोन भाग करतो. एक छोटा भाग 105 अंशांवर, फक्त पाण्याचं प्रमाण काढायला. मोजणीचा भाग ओलाच वापरायचा आणि कोरडं वजन हिशेबाने काढायचं.

13 डिसेंबर

सेंद्रिय पदार्थ जाळायला फेंटनची पद्धत निवडली: फेरस सल्फेट आणि 30 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. कडक ॲसिडने नायलॉन विरघळतं आणि कडक कॉस्टिकने पॉलिएस्टर झिजतं, म्हणून ते दोन्ही आधीच बाद केले होते.

250 मिलीच्या बीकरमध्ये पाच ग्रॅम ओला गाळ, त्यावर लोहाचं द्रावण, मग पेरॉक्साइड वीस मिली एकदम. मिनिटभर काहीच झालं नाही. मुलगा म्हणाला, “मॅडम, बाटली जुनी दिसतेय.” तेवढ्यात तळाशी खदखद सुरू झाली आणि तपकिरी फेस बीकरच्या भिंतीवरून चढत काठावर आला, काठावर क्षणभर थांबला आणि ओट्यावर उतरला. नमुना गेला. मुलाने उघड्या हाताने बीकर उचलायला पाहिलं, बोटांची टोकं पांढरी पडून चुरचुरली. तासाभराने रंग परत आला, पण तेव्हापासून हातमोज्यांशिवाय पेरॉक्साइडची बाटली कुणी उघडायची नाही.

आता जे करतो: पाच ग्रॅम गाळाला एक लिटरचा बीकर. बीकर बर्फाच्या परातीत. पेरॉक्साइड पाच-पाच मिली, आधीचा फेस खाली बसल्याशिवाय पुढचं नाही. थर्मामीटर सतत आत, 40 अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही. एका नमुन्याला अख्खी सकाळ जाते. घाई केली की दिवस जातो.

20 डिसेंबर

‘पॉली’ने बांधलेल्या गुठळ्या सहज फुटत नाहीत. बाहेरचा थर जळतो, आत काळा गोळा तसाच राहतो. पेरॉक्साइडच्या आधी गाळ कोमट पाण्यात एसडीएस घालून रात्रभर हलवत ठेवला, तेव्हा गुठळ्या सुटल्या. एसडीएस म्हणजे शाम्पूत असतो तोच साबण, फक्त शुद्ध.

दुसरी कटकट लोहाची. गाळल्यावर फिल्टरवर गंजाचा नारिंगी थर बसला आणि त्याखाली काही दिसेना. आम्लता कमी झाली की लोह गंजासारखं बाहेर पडतं. सामू 3 च्या आसपास ठेवला आणि शेवटी सौम्य ॲसिडच्या पाण्याने धुतलं, तेव्हा फिल्टर स्वच्छ निघाला.

2 जानेवारी 2024

आता तरंगवणं. वाळू आणि माती खाली बसावी, प्लास्टिक वर यावं, यासाठी सगळे मिठाचं संपृक्त पाणी सुचवतात. एक लिटर पाण्यात 360 ग्रॅम मीठ, घनता 1.2. स्वस्त, बिनविषारी, किराणा दुकानात मिळणारं. पण मीठसुद्धा आधी गाळून घ्यावं लागतं. भारतीय समुद्री मिठात मायक्रोप्लास्टिक असल्याचं आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी 2018 मध्येच दाखवलेलं आहे. न गाळलेल्या द्रावणाचा फिल्टर आम्ही मुद्दाम पाहिला, त्यावर दोन-तीन निळे धागे होतेच.

फनेलमध्ये रात्रभर ठेवलं. सकाळी वर छान साय आलेली: पिशव्यांचे पापुद्रे, पांढऱ्या दोरीचे तंतू, थर्माकोलचा एक मणी. आम्ही खूश. खालचा गाळ टाकून द्यायला मुलीने फनेलचा कॉक उघडला आणि बशीत उतरलेल्या राखाडी चिखलात काहीतरी लखलखलं. चिमट्याने उचलून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. चंदेरी, नेमका षटकोनी तुकडा, कोपरे अजून धारदार. चमकी. साडीवरची, नेलपॉलिशमधली किंवा लग्नपत्रिकेवरची. शोधल्यावर त्याच चिखलात आणखी सापडली.

चमकी म्हणजे बहुधा ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेली पॉलिएस्टरची फिल्म. पॉलिएस्टरची, म्हणजे पेटची, घनता 1.38 च्या आसपास. मिठाच्या पाण्यात ती बुडणारच. आणि चमकी बुडते तर कपड्यांचे पॉलिएस्टर धागेही बुडतात, फक्त ते लखलखत नाहीत म्हणून दिसत नाहीत. ब्राउन आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये एका कपड्याच्या एका धुण्यातून 1900 हून अधिक धागे सुटू शकतात असं मोजलं होतं. ते धागे मैलापाण्यात येतात, गाळात बसतात, आणि आम्ही वरची साय मोजून ‘झालं’ म्हणणार होतो.

5 जानेवारी

खात्री करायला स्वतःच घातलेले कण परत मिळतात का ते पाहिलं. हिरव्या कोल्ड्रिंकच्या बाटलीचा कीस (पेट), निळ्या झाकणाचा कीस (पॉलिथिन) आणि शिलाईच्या नारिंगी पॉलिएस्टर दोऱ्याचे मिलिमीटरभर तुकडे. प्रत्येकी पन्नास, मोजून, जळवून घेतलेल्या गाळात.

निळा कीस जवळजवळ सगळा वर आला. हिरव्यातले पन्नासातले चार-पाच. दोऱ्याचे थोडे जास्त, पण ते बुडबुड्याला चिकटून वर आलेले. फनेलला टिचकी मारली की खाली जात होते.

मिठाने केलेली सगळी मोजणी बाजूला ठेवली. वहीत त्या पानांवर आडवी रेघ आहे, फाडलेली नाहीत.

12 जानेवारी

मिठाला पर्याय शोधण्यात आठवडा गेला.

कॅल्शियम क्लोराइड स्वस्त आहे, घनता 1.35 ते 1.4 पर्यंत जाते, म्हणजे पेटच्या काठावर. पण उरलेल्या सेंद्रिय पदार्थाशी त्याचं जमत नाही. सगळं गोळा होऊन दह्यासारखं फाटलं आणि कण त्यात अडकले.

एरंडेल. तेल प्लास्टिकला चिकटतं आणि घनतेचा प्रश्नच उरत नाही, असं म्हणतात. नदीच्या वाळूला चालत असेल. आमच्या नमुन्यात एसडीएस शिल्लक होतं, त्यामुळे तेल-पाण्याचं पांढरं मिश्रण झालं, ते दोन दिवस वेगळं होईना. प्रयोगशाळेला मात्र आजीच्या कपाटाचा वास येत राहिला.

सोडियम आयोडाइड उत्तम, पण किंमत ऐकून फोन ठेवला.

उरलं झिंक क्लोराइड.

22 जानेवारी

झिंक क्लोराइड हाताळणाऱ्यांसाठी तीन गोष्टी.

पावडर हवेतलं पाणी ओढून घेते. अर्धी बाटली खडा होऊन बसली. लागेल तेवढंच उघडावं, नाहीतर वजनाचा हिशेब चुकतो. द्रावणाची घनता थेट मोजणंच बरं: 10 मिली पिपेटने घेऊन काट्यावर ठेवलं, 15 ग्रॅम भरलं की घनता 1.5. एका लिटर द्रावणाला सुमारे 700 ग्रॅम पावडर लागते.

विरघळताना भांडं चांगलंच तापतं आणि द्रावण दुधाळ होतं. पावडर खराब आहे असं समजून आम्ही दुकानदाराशी भांडायला निघालो होतो. हायड्रोक्लोरिक ॲसिडचे थेंब टाकले, नितळ झालं.

आणि साध्या फिल्टर पेपरने गाळू नये. पहिली खेप आम्ही 1.7 घनतेची केली होती. कागद फुगून लिबलिबीत झाला आणि पंप सुरू करताच मधोमध फाटला. दाट झिंक क्लोराइड सेल्युलोज फुगवतं, विरघळवतंसुद्धा. काचतंतूचाच फिल्टर घ्यावा. आम्ही जीएफ/सी नावाचा वापरतो.

घनता 1.5 वर स्थिर केली. पेट वर येतं, वाळू खाली राहते. 1.7 ला अर्धवट जळालेला सेंद्रिय कचराही वर यायला लागला होता. जड पीव्हीसी यात सुटतं, ते मान्य. हिरव्या किसातले आता पन्नासातले चाळीसच्या वर परत मिळतात.

5 फेब्रुवारी

नुसतं शुद्ध पाणी घेऊन सगळ्या पायऱ्या केल्या. यालाच ब्लँक म्हणायचं. फिल्टरवर इतके धागे, की गाळाचा नमुना आहे की ब्लँक, लेबल वाचल्याशिवाय कळेना.

एकेक कारण काढत गेलो. पंखा बंद. पडदा काढला. पाण्याची दाबायची बाटली प्लास्टिकची होती, ती काचेची केली. सिंथेटिक ओढणी, टी-शर्ट बंद, सुती ॲप्रन. ॲप्रन मुद्दाम गुलाबी रंगवून घेतले, म्हणजे त्यांचा धागा दिसला तर ओळखू येईल. ही युक्ती सगळ्यात उपयोगी पडली. प्रत्येक द्रावण वापराआधी गाळायचं, भांडं फॉइलने झाकायचं.

ब्लँक शून्य होत नाही, पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं खाली आलं. दर नमुन्याबरोबर ब्लँक करतो आणि तो आकडा वजा करतो.

तरी पिवळट हिरवे, भडक धागे नमुन्यांत येत राहिले, ब्लँकमध्ये नाहीत. मैल्यातूनच असणार असं वाटलं. मुलीने केंद्रावर काढलेले फोटो चाळले तर सेंट्रीफ्यूजजवळ उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या अंगात तेच फ्लोरोसंट जॅकेट, आमच्याही. केंद्रात शिरताना देतात, सुरक्षेसाठी. आता नमुना घेताना शेजारी ओला फिल्टर ठेवलेली उघडी पेट्री डिश असते. त्यावर जे पडेल तेही वजा.

19 फेब्रुवारी

नाइल रेड नावाचा रंग प्लास्टिकला चिकटतो आणि निळ्या प्रकाशात चमकतो. 25 मिलिग्रॅमची कुपी तीन-चार हजारांना, पण वर्षभर पुरेल. फ्लोरोसन्स सूक्ष्मदर्शक नाही, म्हणून निळा टॉर्च आणि कॅमेऱ्यापुढे नारिंगी फिल्टर. फिल्टर नाटकाच्या लाइटवाल्याकडून आणला. त्यांच्याकडे जिलेटिनच्या कापलेल्या पट्ट्या पडलेल्या असतात, पैसेही घेतले नाहीत.

पहिल्याच दिवशी ॲसिटोनमधला रंग सेल्युलोज नायट्रेटच्या फिल्टरवर टाकला. फिल्टर डोळ्यांदेखत जेली झाला. कोणता फिल्टर कशात विरघळतो, याचा तक्ता आता भिंतीवर आहे. तो आधी लावायला हवा होता.

काचतंतूच्या फिल्टरवर मात्र आकाशगंगा उजळली. सगळंच चमकत होतं. मैल्यातलं तूप-तेल, चरबी यांनाही हा रंग तितकाच आवडतो. एसडीएसची धुलाई दोनदा आणि फेंटन दोनदा केल्यावर पार्श्वभूमी काळी पडली आणि कण वेगळे दिसू लागले.

मग घातलेल्या कणांचा फिल्टर पाहिला. निळ्या झाकणाचा कीस लख्ख. हिरवा कीस आणि नारिंगी दोरा जवळजवळ अंधारात. पेट आणि नायलॉन हा रंग नीट धरत नाहीत. म्हणजे मिठातून वाचवून आणलेलं पॉलिएस्टर इथे दुसऱ्यांदा निसटलं.

चाळणीचंही तसंच निघालं. सुरुवातीला आम्ही 100 मायक्रॉनची चाळणी लावत होतो. पॉलिएस्टरचा धागा मिलिमीटरभर लांब असला तरी जाडीला 10 ते 20 मायक्रॉन, तो उभा राहून सरळ खाली जातो. चाळणी काढून टाकली. स्वस्त पद्धतीची प्रत्येक पायरी पिशवीचा तुकडा जपते आणि कपड्याचा धागा सोडते. हे ओळखायला आम्हाला फेब्रुवारी उजाडला.

4 मार्च

धागे डोळ्यांनीच मोजायचे ठरवलं. पण गाळातला प्रत्येक धागा प्लास्टिक नव्हे. सुती धागे ढिगाने असतात आणि फेंटन त्यांना पुरतं जाळत नाही. विशेषतः निळे. निळा म्हणजे कृत्रिम, असं धरून मोजलेली एक अख्खी थाळी नंतर जीन्सच्या सुताची निघाली.

तापलेल्या सुईची खूण खरी आहे: सुई जवळ नेली की प्लास्टिक आक्रसतं, वितळतं. सूत तसंच राहतं, फार तर करपतं. पण शेकडो धाग्यांना सुई लावून डोळे गेले.

सुटका शेजारच्या इमारतीत होती. भूशास्त्र विभागात खडकांचे काप बघायचा ध्रुवित प्रकाशाचा सूक्ष्मदर्शक आहे. तिथल्या सरांनी दुपारनंतर वापरायला दिला, अट एकच, टेबलावर गाळाचा वास नको. दोन ध्रुवक काटकोनात ठेवून थाळी फिरवली की सूत ओळखू येतं: पीळ पडलेली चपटी फीत, कितीही फिरवली तरी पूर्ण काळी होत नाही. पॉलिएस्टर म्हणजे एकसारखी गुळगुळीत कांडी. फिरवताना ठरावीक कोनांना पूर्ण विझते, मधल्या कोनांना पांढरट गुलाबी, हिरवट रंगांत उजळते. ॲक्रिलिक जेमतेम राखाडी दिसतं. एक दिवस माहीत असलेले दोरे पाहून हात बसवला, दुसऱ्या दिवसापासून मुलगी माझ्यापेक्षा भरभर सांगायला लागली.

18 मार्च

मोठे कण एफटीआयआरसाठी दुसऱ्या संस्थेत पाठवले. हे यंत्र अवरक्त प्रकाशाच्या वर्णपटातल्या शिखरांवरून प्लास्टिकचा प्रकार ओळखतं. दर नमुन्यामागे काही शे रुपये आणि रांग तीन आठवड्यांची. कण हरवू नयेत म्हणून काचपट्टीवर दुहेरी चिकटपट्टी लावून त्यावर बसवले होते. अहवाल आला: सगळे कण ‘ॲक्रिलेट’. 1730 ला तेच शिखर, प्रत्येकात. ते चिकटपट्टीच्या गोंदाचं. पैसे आणि तीन आठवडे दोन्ही गेले.

दुसऱ्या खेपेला फॉइलमध्ये खळगे करून त्यात कण ठेवले, वर काचपट्टी, चिकट काही नाही. पॉलिथिनची 2915 आणि 2848 ची जोडी स्वच्छ आली.

सुटा धागा त्या यंत्राच्या स्फटिकावर नीट टेकत नाही, ओळखीची शिखरं येत नाहीत. एकसारखे दिसणारे दहा-बारा धागे पीळ देऊन गाठीसारखे केले आणि दाबले, तेव्हा 1715 आणि 725 ही दोन्ही शिखरं दिसली. पेट. भूशास्त्रवाल्यांच्या सूक्ष्मदर्शकाखाली आम्ही पॉलिएस्टर म्हणून बाजूला काढलेलेच ते.

टायरची भुकटी आमच्या मोजणीत नाही. काजळीमुळे तिचा वर्णपट या यंत्रावर हाती लागत नाही. गाळातले काळे रबरी कण वेगळ्या रकान्यात ‘न ओळखलेले’ म्हणून लिहिले आहेत, आणि तो रकाना लहान नाही.

15 एप्रिल

आकडे जुळवले. ब्लँक वजा केल्यावर धागे तुकड्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त, आणि कृत्रिम धाग्यांत पॉलिएस्टर सगळ्यांत पुढे. जानेवारीतल्या मिठाच्या पानांवर याच गाळात तुकडे जास्त आणि धागे किरकोळ होते. गाळ तोच, बरणी तीच.

विभागात विचारणा झाली की शहराच्या रोजच्या गाळाला गुणून ‘वर्षाला इतके कोटी कण’ असा आकडा काढता येईल का, पोस्टरवर चांगला दिसेल. काढता येईल. पण हिवाळ्यातल्या एका केंद्राच्या थोड्याशा नमुन्यांना गुणून आलेल्या कोटीला अर्थ नाही. पावसात रस्त्याचं पाणी गटारात शिरलं की चित्रच बदलेल. पोस्टरवर कोटी नाहीत. मिठाची आणि झिंकची थाळी शेजारीशेजारी ठेवलेला फोटो आहे.

केंद्रावर अहवालाची प्रत दिली. गाळ न्यायला आलेल्या एका शेतकऱ्याने विचारलं, “म्हणजे टाकू का नको शेतात?” कायद्यात उत्तर शोधलं. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टला शिसं, कॅडमियम, जस्त यांच्या मर्यादा आहेत, धाग्यांसाठी तशी मर्यादा नाही. गाळ वाळवून टाका, भाजीच्या वाफ्याला नको, ऊस-चाऱ्याला द्या, एवढं आम्ही जंतूंच्या भीतीने आधीच सांगत होतो. प्लास्टिकबद्दल त्यांना इतकंच सांगितलं, की घातलेलं परत काढता येत नाही, तेव्हा दरवर्षी त्याच तुकड्यात घालू नका. ते म्हणाले, “शेणखताची ट्रॉली कितीला पडते ठाऊक आहे का मॅडम?” आणि ट्रॉली भरायला गेले.

6 मे

खर्च, ज्यांना करायचं आहे त्यांच्यासाठी, अंदाजे. काचतंतूच्या फिल्टरचा शंभराचा डबा पाच हजारांच्या घरात, आणि चुकांमुळे तो एक पुरला नाही. झिंक क्लोराइड लिटरमागे हजाराच्या आसपास. पेरॉक्साइड स्वस्त वाटतं, पण लागतं भरपूर. एफटीआयआर सगळ्यांत महाग, त्यातला निम्मा खर्च चिकटपट्टीने खाल्ला. सूक्ष्मदर्शक, पंप, ओव्हन विभागातलेच. भूशास्त्रवाल्यांना चहा.

झिंकचं द्रावण फेकत नाही. काचतंतूतून गाळून, घनता तपासून, थोडी पावडर घालून पुन्हा वापरतो. दर वेळी थोडं पिवळं पडतं, चालतं. फार गढूळ झालं की बेसिनमध्ये मात्र ओतायचं नाही. आमच्या बेसिनचं पाणी त्याच केंद्रात जातं, आणि कंपोस्टमध्ये जस्ताची मर्यादा किलोला 1000 मिलिग्रॅम आहे. धुण्याचा सोडा घालून जस्त पांढऱ्या साक्यात बसवतो, साका वाळवून लेबल लावलेल्या कॅनमध्ये, घातक कचऱ्याच्या गाडीसाठी.

पावसाळ्यातला नमुना जुलैत घ्यायचा आहे. केंद्राचं परवानगीपत्र जूनअखेर संपतं, नूतनीकरणाचा अर्ज आजच टाकला. काकांना सांगून ठेवलंय, प्लास्टिकचा मग आणू नका, आणि जमलं तर त्या दिवशी सुती शर्ट.